दंडघेर

बऱ्याच दिवसांत इकडे फिरकले नाही. कारणं नेहमीचीच, ती उगाळत बसत नाही. आज लिहायला बसले आहे ती आईच्या हुकुमावरून. "चारचौघांत मला बोललीस ना? मग आता चारचौघांतच लिही," असं म्हणाली. हे वाचणाऱ्यांत निम्मी मंडळी आमच्याच घरातली आहेत, आणि त्या चारचौघांत दादाही होता, मावशीही होती. तेव्हा दादा, मावशी, नीट वाचा. बाकीच्यांनी सांभाळून घ्या.

विषय आहे आईचा डावा हात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : माझी आई शिवणकाम करते. 'करायची' असं लिहिणार होते, पण परवाच तिला शेजारच्या वहिनींच्या ब्लाउजची बाही उसवताना पाहिलं, म्हणजे करतेच. साताऱ्याच्या घरात पुढच्या खोलीत पायाचं मशीन, आणि आईच्या गळ्यात टेप. तीस-पस्तीस वर्षं तिने आळीतल्या बायकांचे ब्लाउज शिवले. छाती, कंबर, उंची, मुंढा, दंडघेर असे आकडे ती वहीत लिहून ठेवायची, पण वही उघडायची वेळ तिच्यावर क्वचित यायची. बाई दारातून आत आली की हिचं सुरू, "दंड भरलाय गं तुझा, अर्धा इंच सोडायला लागेल." मग टेप लावायची, आणि अर्धा इंचच निघायचा.

२०१६ साली, चौसष्टाव्या वर्षी, तिच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्या. रिपोर्टात आकडा होता सतरा, त्यातल्या तिनांत रोग. मग केमो, मग रेडिएशन. त्यातून ती उठली, केस परत आले (आधीपेक्षा कुरळे), मशीनवरची चादरही निघाली. सगळं मागे पडलं असं आम्ही धरून चाललो.

२०१९ साली चुलतबहिणीच्या लग्नात बांगड्या भरायला कासार आला होता. उजव्या हातात बांगड्या सरसर गेल्या. डावा हात त्याने दोनदा दाबून पाहिला आणि म्हणाला, "काकू, या हाताला एक माप वरचं लागतंय." आई हसली. म्हणाली, "दोन्ही हातांना वेगळी मापं असलेलं गिऱ्हाईक मी अजून पाहिलं नाही."

ऑपरेशननंतर तब्बल तीन वर्षांनी. असं होऊ शकतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेलही, पण त्या दिवसांत 'कॅन्सर' या शब्दापुढे दुसरा कुठलाही शब्द कानात शिरत नव्हता. नंतर वाचून वाचून जे कळलं ते असं : रक्तवाहिन्यांतून थोडं पाणी आणि प्रथिनं सतत पेशींच्या मधल्या जागेत झिरपत असतात. ते गोळा करून परत रक्तात नेऊन सोडायचं काम लसिकावाहिन्यांचं. हाताच्या लसिकेचा मोठा रस्ता काखेतून जातो. काखेतल्या ग्रंथी काढल्या आणि वर रेडिएशन दिलं की तो रस्ता अरुंद होतो. बऱ्याच जणींचं शरीर आडवाटा शोधून निभावून नेतं. काहींचं काही वर्षं निभावतं आणि मग एके दिवशी पुरत नाही. प्रथिनांचं पाणी साचतं. याला म्हणतात लिंफेडेमा. नुसतं साचून राहत नाही, ही त्यातली खरी मेख. बरेच दिवस साचलं की तिथे सौम्य दाह चालू राहतो, तंतू वाढतात, चरबीही वाढते. म्हणजे सुरुवातीला जी सूज पाण्याची असते, ती पुढे पुढे पाण्याची राहत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शेजारपाजारच्यांनी निदान केलंच. "हत्तीरोग तर नाही ना?" हा प्रश्न आईने निदान दहा जणींकडून ऐकला असेल. प्रश्न अगदीच चुकीचा नाही, कारण हत्तीरोगातही लसिकावाहिन्याच निकामी होतात, फक्त तिथे त्या जंतांमुळे होतात आणि जंत येतात डासांमधून. विदर्भात हा रोग फार जुना. याच वाचनात एक अफलातून गोष्ट सापडली. १९९४ साली ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातल्या डॉक्टरांनी सोनोग्राफीत हे जिवंत जंत लसिकावाहिनीत वळवळताना पाहिले. त्या वळवळीला पुढे 'फायलेरिया डान्स' असं नाव पडलं. आईला सांगितलं तर म्हणाली, "माझ्या हातात कुणी नाचत नाही ना, एवढं बघ." नाही. आईचा लिंफेडेमा ऑपरेशनमुळे झालेला, कोणताही जंत नाही, कुणाला लागण्यासारखं काही नाही. तरी एका बाईंनी ब्लाउज परत नेला. नाव लिहीत नाही.

मधली दोन वर्षं नुसती वाया गेली. एका डॉक्टरांनी हात उशीवर ठेवून झोपायला सांगितलं. दुसऱ्यांनी लघवी जास्त व्हायच्या गोळ्या दिल्या. (या गोळ्यांनी लिंफेडेमा उतरत नाही. साचलेली प्रथिनं तिथेच राहतात आणि पुन्हा पाणी ओढतात. हे कळायला आम्हाला दोन वर्षं लागली.) मग २०२० उजाडलं आणि डॉक्टरकडे जाणं हीच जोखीम झाली. २०२१ च्या पावसाळ्यात एके रात्री तिला हुडहुडी भरून ताप आला. सकाळी हात लाल, तापलेला, कोपरापर्यंत टरटरलेला. सेल्युलायटिस. सुईचं बोटात टोचणं शिवणाऱ्या बाईला नवीन नाही, पण लसिका साचलेल्या हातात तेवढंसं निमित्त पुरतं. पाच दिवस ॲडमिट.

तिथे हाताची पहिली सोनोग्राफी झाली, डॉपलर. शिरेत गुठळी नाही ना, हे बघायला. प्रोबने शीर दाबायची. दाबल्यावर मिटली तर आत गुठळी नाही. मिटली. सगळे खूश. रिपोर्टाच्या तळाशी एक ओळ होती, त्वचेखालच्या भागात सूज दिसते अशी. ती कुणीच वाचली नाही. मीही नाही. फाइलला लावून टाकली.

त्यानंतर मी आईला पुण्याला माझ्याकडे आणलं आणि २०२२ मध्ये लिंफेडेमाचंच काम करणाऱ्या एक फिजिओथेरपिस्ट भेटल्या. त्यांना आम्ही मॅडम म्हणतो. मॅडमनी पहिल्याच दिवशी आईच्या बोटाच्या मुळाशी वरची कातडी चिमटीत धरून पाहिली. उजव्या हाताची धरता आली, डाव्याची येईना. ही स्टेमर नावाच्या डॉक्टरांनी १९७६ साली सांगितलेली खूण, मुळात पायाच्या दुसऱ्या बोटासाठीची. मग त्यांनी अंगठ्याने पुढच्या हातावर बराच वेळ दाबून धरलं. खळगा पडला, हळूहळू भरला. मग टेप काढली. आईचे डोळे चमकले.

मनगटापासून दर चार सेंटिमीटरवर पेनाने खुणा आणि प्रत्येक खुणेवर घेर, दोन्ही हातांचा. या घेरांवरून हाताचं आकारमान काढतात, जणू हात म्हणजे एकावर एक ठेवलेल्या कापलेल्या शंकूंची चळत. आईने आयुष्यभर टेपची इंचाची बाजू वापरली, आता तिने टेप उलटी केली. कोपराखाली जिथे फरक सगळ्यांत जास्त, तिथे उजवा २५ सेंटिमीटर, डावा साडेएकतीस.

आणि मॅडमनी एक सोनोग्राफी लिहून दिली. दोन्ही हातांची, शिरांची नव्हे, नुसत्या कातडीची आणि तिच्याखालच्या थराची. "उपचाराआधीचं एक चित्र हाताशी असू दे." मला तो खर्च फुकटचा वाटला होता, हे कबूल करते. सूज आहे हे कुणालाही दिसत होतं, त्यासाठी यंत्र कशाला?

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर ती नेहमीची पाटी, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. सत्तर वर्षांची माझी आई पाटीसमोर थांबून म्हणाली, "बरं झालं बाई आधीच लिहिलंय. विचारणारच होते." शेजारच्या बाकावरची मुलगी पोट धरून हसली. (तिला खरंच पोट होतं.)

त्या वेळची तपासणी मी अर्धवटच पाहिली, मोबाइलमध्ये डोकं होतं. रिपोर्ट फाइलला. मग तीन आठवडे रोज मॅडमकडे. हलक्या हाताने लसिका वळवायचा मसाज, मग बोटांपासून दंडापर्यंत पट्ट्या, आत फोम, वर कमी ताणाच्या पट्ट्यांचे थर. रात्रंदिवस. आई त्या हाताला 'गुंडाळलेला नारळ' म्हणायची. तीन आठवड्यांनी साडेएकतीसचे एकोणतीस झाले. मग पट्ट्या सुटल्या आणि दिवसभर घालायची दाबाची घट्ट बाही आली, तिला सगळे स्लीव्हच म्हणतात. आईने तिची शिवण उलटसुलट करून पाहिली आणि "कारागीर चांगला आहे" असा शेरा दिला.

इथपर्यंत सगळं छान. इथून पुढे मी वाईट वागले.

दर रविवारी मी आईचा हात मोजायचे आणि तिच्याच मापाच्या वहीत लिहायचे. एकोणतीस. एकोणतीस. सव्वाएकोणतीस. साडेएकोणतीस. एकोणतीस. साडेएकोणतीस. महिने गेले. पंचवीसच्या दिशेने आकडा सरकेना. मी ऑफिसला जाणारी, दिवसभर घरी नसणारी, आणि माझ्या डोक्यात एक किडा शिरला : आई स्लीव्ह घालत नसणार. मी गेले की काढून ठेवत असणार. उन्हाळ्यात ती घालून बसणं म्हणजे शिक्षाच असते. एकदा दुपारी अचानक घरी आले तर स्लीव्ह दोरीवर वाळत होती. मी काही बोलले नाही. पण पुरावा मिळाला असं मनात लिहून घेतलं.

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही सगळे दादाकडे आंबे खायला जमलो होतो. पंगत चालू होती. मावशीने विचारलं, "ताई, हात अजून तसाच गं?" आणि मी ताडकन म्हणाले, "कसा उतरेल? घालायचं ते घालतच नाही ती. मी गेले की काढून ठेवते." दादाने री ओढली, "आई, लहान का तू आता?" मावशी म्हणाली, "पहिल्यापासून हट्टीच ही." सगळे हसले.

आई ताटावरून उठली नाही. "घालते गं मी," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "मग टेप खोटं बोलते का?"

यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. आता विचार करते तेव्हा कळतं की तिची तोंडबंदी मी नेमकी कशाने केली. तिच्या सगळ्या आयुष्यात टेपने तिला एकदाही खोटं पाडलं नव्हतं. आपण रोज घालतो हे तिला माहीत होतं आणि टेप साडेएकोणतीस सांगते हेही दिसत होतं. पुण्याला परतताना गाडीत म्हणाली, "माझ्याच हातात काही दोष असेल." मी गाणी लावली.

जूनमध्ये मॅडमकडे नेलं. मी तिथेही तक्रार मांडली. मॅडमनी ऐकून घेतलं, आईच्या हातावर अंगठा दाबला, धरला, सोडला. खळगा नावाला पडला. त्या मला म्हणाल्या, "आधीच्या जागी परत सोनोग्राफी करून या. मग बोलू."

या वेळी मोबाइल पर्समध्ये ठेवला.

डॉक्टर बाई शांत होत्या आणि त्यांना विचारलेलं आवडत होतं. पोटाची सोनोग्राफी करतात तो वाकडा प्रोब त्यांनी बाजूला ठेवला आणि सपाट, पट्टीसारखा घेतला. याची कंपनसंख्या जास्त, दहा-बारा मेगाहर्ट्झच्या वरची. आवाज जितका बारीक, तितका तो कमी खोल जातो, पण जातो तिथलं बारीकसारीक दाखवतो. आपल्याला तर दोन-अडीच सेंटिमीटरचंच काम. जेल मात्र भरपूर थापलं. "एरवी आम्ही दाबतो, इथे दाबायचं नाही," त्या म्हणाल्या. "प्रोब जेलवर तरंगला पाहिजे. जरा दाबलं की पाणी बाजूला सरकतं आणि माप कमी येतं." मोजायच्या जागाही त्याच हव्यात, कोपरापासून ठरलेल्या अंतरावर. आईने पर्समधून स्वतःची टेप काढून दिली. डॉक्टर बाईंनी ती घेतली, हे मला फार आवडलं.

आधी उजवा हात. पडद्यावर वरती एक पांढरी बारीक पट्टी, ती कातडी. तिच्याखाली करडा थर आणि त्यात आडव्या पांढऱ्या रेघा, ती चरबी आणि तिच्यातले पडदे. त्याखाली स्नायूंच्या तिरप्या रेषा. "वरचं कापड, मधला कापूस, खालचं अस्तर," आई म्हणाली. "गोधडीच आहे की." डॉक्टर बाई म्हणाल्या, "अगदी. आणि हे टाके."

मग २०२२ मधला डावा हात त्यांनी जुन्या नोंदींतून काढून शेजारी लावला. पट्ट्या बांधायच्या आधीचा. तो पाहून मला शाळेच्या वाटेवरची फरशी आठवली, पावसात फटीफटींतून पाणी भरलेली. चरबीचे गोळे सुटे सुटे, आणि त्यांच्यामध्ये काळ्या भेगा, आडव्याही आणि त्यांना जोडणाऱ्या उभ्याही. पाणी आवाज परत पाठवत नाही म्हणून ते काळं दिसतं. जपानमधल्या डॉक्टरांनी या भेगांच्या श्रेण्या पाडल्या आहेत : भेगा नाहीत म्हणजे शून्य, नुसत्या आडव्या म्हणजे एक, उभ्या-आडव्या जोडलेल्या म्हणजे दोन. आईचा हात तेव्हा दोन होता. कातडीपासून स्नायूपर्यंतचा थर १८ मिलिमीटर. उजव्या हाताचा त्याच जागी ८.

आणि मग आजचा डावा हात. काळ्या भेगा जवळजवळ नव्हत्याच. एखादी बारीक आडवी, मनगटाकडे. थर १५ मिलिमीटर. पण तो उजव्यासारखा करडा नव्हता, पांढुरका, धुकट होता, आणि टाक्यांच्या रेघा त्यात विरून गेल्यासारख्या.

"पाणी गेलंय," डॉक्टर बाई म्हणाल्या. "उरलंय ते चरबी आणि तंतू. ते पट्टीने दाबून जाणार नाही. पण पाणी परत आलेलं नाही, म्हणजे स्लीव्ह नियमित वापरलेली आहे. नाहीतर भेगा भरल्या असत्या."

खोलीत कुणी काही बोललं नाही. आई पडद्याकडे बघत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ऐकलंस?"

टेपही खोटं बोलत नव्हती, हे नंतर मी घरी बसून ताडून पाहिलं. परीघ म्हणजे दोन पाय आर, एवढं शाळेतलं आठवतं. घेरातला फरक साडेचार सेंटिमीटर, त्याला सहा पूर्णांक अठ्ठावीस शतांशने भागलं की येतात सात मिलिमीटर. आणि थरातला फरक, पंधरा वजा आठ, सातच. (दरवेळी इतकं चोख जुळेलच असं नाही. वाढ हाताच्या सगळ्या बाजूंना सारखी नसते.) टेप घेर बरोबर सांगत होती. घेर कशाने भरलाय, हे तिने कधी सांगितलंच नव्हतं. ते मी माझ्या मनाने भरलं होतं.

रिक्षात मी विचारलं, "मग त्या दिवशी दुपारी दोरीवर वाळत होती ती?" आई म्हणाली, "ती दुसरी. रोज धुवायला लागते, मग एक अंगात एक दोरीवर. शिवणाच्या पैशांतून आणली. तुला काय सांगायचं दरवेळी खर्चाचं." मी म्हटलं, मग त्या दिवशी सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, "टेप तुझ्या बाजूला होती ना."

मी रिक्षातच माफी मागितली. तिने "बरं" म्हटलं. ज्यांना माझी आई माहीत आहे, त्यांना या 'बरं'ची किंमत माहीत आहे. पण दादाला आणि मावशीला मी काही सांगितलं नाही. सांगेन, सांगेन म्हणत राहून गेलं. तीच तिची तक्रार, आणि म्हणून हे लिखाण.

आता कुणी लगेच आपल्या माणसाला सोनोग्राफीला न्यायच्या आधी, डॉक्टर बाईंनी सांगितलेलं सांगते. या चित्रात लसिकावाहिन्या दिसत नाहीत, त्या फार बारीक. त्या दाखवणारे सत्तर मेगाहर्ट्झसारखे अतिसूक्ष्म प्रोब निघाले आहेत, पण ते मोजक्या शल्यविशारदांकडे. लसिका कुठून वाहते आणि कुठे अडते हे बघायचं तर किरणोत्सारी द्रव्य टोचून किंवा हिरवा रंग टोचून, अवरक्त कॅमेऱ्याने पाहतात. आणि फरशीच्या भेगा हृदय किंवा मूत्रपिंडाच्या सुजेतही अशाच दिसतात. तेव्हा नुसतं चित्र बघून लिंफेडेमा आहे असं म्हणता येत नाही. तो माणसाची हकीकत ऐकून, हात पाहूनच ठरतो. पुन्हा, प्रोब धरणारा हात बदलला की मापं थोडी बदलतात. आमच्या बाबतीत मोजणाऱ्या बाई त्याच होत्या, यंत्र तेच, आणि दोन्ही वेळा सकाळचीच वेळ.

उरलेल्या चरबीचं काय, हे मी विचारलंच. स्वीडनमध्ये ब्रॉरसन नावाच्या सर्जननी अशा हातांची चरबी शोषून काढायची पद्धत रुजवली. हात उतरतो, पण त्यानंतर स्लीव्ह रात्रंदिवस, कायमची. लसिकावाहिनी शिरेला जोडायची सूक्ष्म शस्त्रक्रियाही होते, पण ती वेळेत झालेली बरी. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला आता कुठे मिरवायचंय? आहे त्या हाताने सुई ओवता येते." मला ते थोडं लागलं. चार वर्षं आधी आलो असतो तर, हे मॅडम बोलल्या नाहीत, पण रिपोर्टाच्या तळाची ती एक ओळ मी आता पाठ म्हणू शकते.

गेल्या वर्षापर्यंत सहा-सहा महिन्यांनी चित्र काढत होतो. २०२४ च्या गणपतीनंतर आई एकदा म्हणाली, "हात जड वाटतोय." टेप लावली, साडेएकोणतीस. जुनी मी असते तर म्हटलं असतं, मनाचे खेळ. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली. मॅडमचा अंगठा या वेळी हाताच्या पाठीवर, बोटांच्या मुळाशी रुतला. तिथे आम्ही टेप लावतच नव्हतो. सोनोग्राफीत तिथे आणि मनगटाशी काळ्या भेगा परत आलेल्या. गणपतीत वीसेक झबली शिवून दिली होती बाईसाहेबांनी, आणि स्लीव्ह ढिली झाली होती. दर काही महिन्यांनी ती बदलायची असते, आम्ही जुनीच चालवत होतो. म्हणजे या खेपेला चूक होतीच, पण तीही माझी. आठवडाभर पट्ट्या, नवी स्लीव्ह, जोडीला हाताच्या पाठीसाठी मोजा. महिन्याने भेगा मिटल्या. टेप अजूनही साडेएकोणतीसच दाखवते.

सोनोग्राफीचे दोन छापील तुकडे, आधीचा आणि नंतरचा, आईने मशीनच्या खणात ठेवले आहेत, बॉबिनच्या डबीखाली. आलेल्या बायकांना दाखवते. "हा माझा हात, ओला असतानाचा. हा वाळल्यावरचा."

यंदा तिने स्वतःचे चार ब्लाउज नवे शिवले. वहीत तिच्या नावापुढे आता दंडघेर दोन लिहिलेत, उजवा बारा इंच, डावा तेरा. डाव्या बाहीत माया दीड इंचाची ठेवली आहे. एवढी का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, कमी झाला तर आत घेता येईल, वाढला तर सोडता येईल.

पुढची सोनोग्राफी दिवाळीनंतर आहे. दादा, या वेळी तू घेऊन जायचं आहेस, असं आईने सांगितलंय. टेप ती आणेल.